गेटपासून मेडिकलपर्यंत

सकाळचे अकरा वाजले होते. कल्पनाताई जेवणाच्या टेबलाशी गवार मोडत बसल्या होत्या. समोरच्या खोलीत त्यांची सून सिद्धी दार अर्धवट लोटून ऑफिसच्या कॉलवर होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी उभी होती, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब. एक संशोधन संस्था सर्जापूर रोडच्या आसपासच्या वस्त्यांत पाहणी करते आहे, असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता.

"काकू, मराठी ना? पाटी वाचली दारावरची," ती हसून म्हणाली. "मी सुखदा. पुण्याची आहे. वीस मिनिटं द्याल?"

बेंगळुरूला येऊन कल्पनाताईंना दीड वर्ष झालं होतं. घराबाहेरचं कुणी दारात उभं राहून मराठीत बोललं की त्यांना अजून नवल वाटायचं. त्यांनी मुलीला बसवलं, पाणी दिलं आणि गवारीची परात बाजूला सारली.

"रस्ता किती रुंद आहे, फुटपाथ किती फुटका आहे, हे आम्ही टेप लावून मोजतोच," सुखदा सांगू लागली. "पण इथं राहणाऱ्या माणसांना तो कसा वाटतो? पायी जावंसं वाटतं का? ते माणसांनाच विचारावं लागतं. मी एकेक वाक्य वाचते. अजिबात पटलं नाही तर एक म्हणायचं, पूर्ण पटलं तर चार."

"परीक्षाच की गं ही."

"यात नापास कुणी होत नाही, काकू."

पहिली वाक्यं सोपी होती. घरापासून दहा मिनिटांत भाजी मिळते. मिळते, चार. रस्त्यावर सावली देणारी झाडं आहेत. दोन. मग सुखदाने वाचलं, "दिवसा माझ्या परिसरात एकटीने पायी चालताना मला सुरक्षित वाटतं."

आतल्या खोलीतला सिद्धीचा आवाज नेमका त्याच वेळी थांबला. तिनं माइक बंद केला असावा. कल्पनाताईंनी दाराच्या फटीकडे पाहिलं.

"चार," त्या म्हणाल्या.

"वाहनांमुळे चालणं अवघड होतं."

"एक. नाही होत अवघड."

"रोज घराबाहेर अंदाजे किती मिनिटं चालता?"

"पंचेचाळीस."

सुखदाच्या भुवया उंचावल्या. "रोज? या वयात? म्हणजे, सॉरी काकू…"

"आमच्या आई ग्रेट आहेत," सिद्धी खोलीतून बाहेर येत म्हणाली. हेडफोन तिच्या गळ्यात लोंबत होता. "रोजच्या पाच हजार स्टेप्स असतात त्यांच्या. अवधूत ऑफिसात सगळ्यांना दाखवतो."

पाच हजार पावलांचं खरंच होतं. फोन खोटं बोलत नव्हता. फक्त ती पावलं रस्त्यावर पडत नव्हती. अडीच महिने झाले, कल्पनाताई रोज सकाळी बूट घालून, दुपट्टा नीट करून घराबाहेर पडायच्या आणि लिफ्टमध्ये शिरून तळघरातल्या पार्किंगचं बटण दाबायच्या. तिथं खांबांवर नंबर होते. एक नंबरच्या खांबापासून बासष्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. वर पंखे घरघरत असायचे, हवेत पेट्रोलचा वास कोंडलेला असायचा. तिथं चालणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. एक बंगाली गृहस्थ होते, एक तमिळ आजी होत्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या एक बाई होत्या. सगळे एकमेकांना पाहून मान हलवायचे. बाहेर एवढं ऊन-वारं असताना इथं का चालता, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

नागपूरला त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि तीस वर्षं घरापासून शाळेपर्यंत पायी गेल्या होत्या. अशा बाईनं मुलाला, अवधूतला, काय सांगायचं? हजार पावलांवरच्या दुकानात जायला मला भीती वाटते? अवधूतच्या एका मित्रानं आपल्या आईला गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या वसाहतीत ठेवलं होतं. "तिथं सगळं आतच असतं, बाहेर पडायलाच लागत नाही," असं अवधूत जेवताना सहज बोलून गेला होता. ते वाक्य त्या विसरल्या नव्हत्या.

"मग काकू, एक विनंती," सुखदा पुढे झुकून म्हणाली. "आमच्या पाहणीचा दुसरा भाग आहे. काही लोकांबरोबर आम्ही त्यांच्या नेहमीच्या रस्त्यानं चालतो. मनगटावर ठोके मोजणारा एक पट्टा बांधायचा, बाकी काही नाही. रोज चालणारं ज्येष्ठ माणूस मला मिळतच नव्हतं. तुम्ही याल उद्या?"

"अहो, नक्की येतील!" उत्तर सिद्धीनंच दिलं. "आई, सकाळी आठला जाताच ना तुम्ही?"

कल्पनाताईंनी गवारीची एक शेंग उचलली आणि ती मोडायचं विसरून नुसती हातात धरून ठेवली.

"जाते की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो असं सांगायचं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण त्या आंघोळ करून बाहेर आल्या तर सिद्धीनं त्यांचे बूट पुसून दाराशी मांडून ठेवले होते आणि सुखदा सोफ्यावर बसून चहा पीत होती. तिनं काळा पट्टा त्यांच्या डाव्या मनगटावर बांधला. पट्ट्याच्या पोटात एक बारीक हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"शहाण्णव," सुखदा टॅबकडे बघत म्हणाली. "अजून तर घरातच आहोत. लिफ्टऐवजी जिन्यानं आलात का कुठून?"

"बीपीच्या गोळीनं होतं तसं," कल्पनाताई म्हणाल्या. हेही खोटंच होतं.

गेटबाहेर पडल्यावर उजवीकडे जी गल्ली लागते ती साडेसहाशे मीटरवर मोठ्या रस्त्याला मिळते. त्या तोंडाशी हयवदन नावाच्या माणसाचं औषधाचं दुकान आहे. सगळी सोसायटी त्याला मेडिकल म्हणते. गल्लीला फुटपाथ म्हणून जे आहे ते उघड्या गटारावर टाकलेल्या दगडी फरश्यांचं. कुठे फरश्या सलग आहेत, कुठे एखादी तिरपी झालेली, कुठे नाहीच. मध्ये एके ठिकाणी विजेच्या ट्रान्सफॉर्मरला कुंपण घातलंय, तिथं फरश्या संपतात आणि माणसाला रस्त्यावर उतरावंच लागतं. आणि रस्ता आहे टँकरचा. नळाला पुरेसं पाणी नसल्यानं या भागातल्या प्रत्येक सोसायटीत दिवसाला दहा-वीस टँकर येतात. गल्ली अरुंद आहे आणि टँकरवाल्यांना घाई असते.

कल्पनाताईंना टँकर दिसण्याआधी ऐकू यायचा. आधी इंजिनाची गुरगुर, मग पाणी पत्र्याला आतून धडकल्याचा आवाज.

"तुमचा नेहमीचा रस्ता, तुमच्या नेहमीच्या चालीनं," सुखदा म्हणाली. "मी नाहीच असं समजा."

त्या चालू लागल्या. फरश्यांवर नाही, फरश्यांच्या कडेनं, रस्त्यावरून. फरश्यांची त्यांना पहिल्या महिन्यापासून धास्ती होती. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाचा पाय एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत फरशीच्या फटीत गेला होता, मांडीपर्यंत. तेव्हापासून त्यांना प्रत्येक फरशी हलणारी वाटे.

"काकू, तुम्ही वरून का नाही चालत?"

"सवय."

सुखदानं ते टॅबवर टिपलं आणि मग, तरुण मुली मोठ्यांबरोबर चालताना करतात तसं, ती वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला आली. गाड्यांच्या बाजूला. "तुम्ही आतून चला," असं म्हणून तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

कल्पनाताईंनी त्या हाताकडे पाहिलं. नीलिमा याच बाजूला चालायची.

नीलिमा त्यांच्याच मजल्यावर राहायची. मूळची बेळगावची, लग्न होऊन बेंगळुरूत आली त्याला चाळीस वर्षं झालेली. तिच्या मराठीत अर्धं कानडी मिसळलेलं असायचं. गटाराला ती मोरी म्हणायची, आणि सुरुवातीला कल्पनाताईंना वाटायचं ही बाई रस्त्यात भांडी घासायची जागा कुठे शोधतेय. दोघी रोज सकाळी मेडिकलपर्यंत जाऊन यायच्या. "मोरीवरून चल गं, गट्टी आहे," म्हणजे पक्की आहे, असं म्हणत नीलिमा फरशीवर पाय आपटून दाखवायची. "नको, मला भीती वाटते," असं कल्पनाताई म्हणायच्या. मग नीलिमा मुकाट्यानं खाली उतरायची आणि त्यांच्या उजव्या हाताला, गाड्यांच्या बाजूनं, त्यांचा हात धरून चालायची.

जानेवारीतल्या त्या सकाळी समोरून टँकर आला आणि मागून एक स्कूटर. कल्पनाताईंना पुढचं एवढंच आठवतं की त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, दोन्ही तळवे भिंतीवर. दोन्ही. म्हणजे नीलिमाचा हात त्यांनी सोडला होता. नीलिमा रस्त्यावर पडलेली होती. टँकर तिला लागला नव्हता, त्याला चुकवायला ती गर्रकन वळली आणि पडली. टँकर थांबला नाही. खुब्याचं हाड मोडलं. हयवदननं दुकान तसंच टाकून रिक्षा आणली, तिला दवाखान्यात नेलं. शस्त्रक्रियेनंतर मुलीनं तिला हुबळीला नेलं ते नेलंच. तिथून तिचे तीन-चार फोन येऊन गेले. कल्पनाताईंनी एकही उचलला नव्हता.

हात सोडल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की नीलिमाकाकू रस्त्यात पडल्या आणि आई सुदैवानं वाचल्या.

"काकू, हात गार पडलाय तुमचा," सुखदा म्हणाली.

"तू… तू आतल्या बाजूला ये."

"अहो, मी बरी आहे इथं."

समोर ट्रान्सफॉर्मरचं कुंपण आलं. अर्ध्या बांधलेल्या इमारतीपुढचा वाळूचा ढीग आज रस्त्यात आणखी पुढे सरकला होता. पलीकडे डोसा विकणारी गाडी, तिच्याभोवती पाच-सहा तरुण पोरं, त्यांच्या तिरप्या लावलेल्या बाइक. राहिलेल्या जागेतून जेमतेम एक वाहन जाईल. कल्पनाताईंना ती गुरगुर ऐकू आली. त्यांनी थांबायचं ठरवलं, पण पाय थांबेनात.  मग पत्र्याला धडकणारं पाणी ऐकू आलं आणि मोठ्या रस्त्यावरून वळून निळा टँकर आला. ड्रायव्हरच्या कानाला फोन होता. चाकाखालचा ओला पट्टा चमकत होता. हॉर्न असा काही वाजला की तो छातीच्या आतच वाजतोय असं त्यांना वाटलं.

टँकर निघून गेला.

कल्पनाताई ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला पाठ लावून उभ्या होत्या. दोन्ही तळवे जाळीवर होते. त्यांनी ते पाहिले. आधी डावा, मग उजवा. उजव्या हातात काहीच नव्हतं.

"सुखदा!" त्या ओरडल्या. डोसावाल्याकडची पोरं वळून पाहायला लागली.

सुखदा चार पावलांवर वाळूच्या ढिगावर उभी होती, अगदी धडधाकट, बुटातली वाळू झटकत. "काय झालं काकू? मी केव्हाच बाजूला झाले होते." मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला, आणि टॅबकडे पाहिलं. "एकशे सेहेचाळीस," ती हळूच म्हणाली. "काकू, बसा कुठेतरी. चला, ते मेडिकल आलंच."

ते शेवटचे दीडशे मीटर कल्पनाताईंनी सुखदाला आपल्याला हात लावू न देता पार केले. हयवदन गिऱ्हाइकाला गोळ्या देत होता. त्यांना पाहताच तो काउंटरमागून बाहेर आला.

"बन्नी अम्मा, बन्नी, आओ! कितना दिन हुआ! तीन महिना होता, ना?" त्यानं प्लास्टिकचं स्टूल पुढे केलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. "नीलिमा अम्मा फोन करते मेरेको. तुमको पूछते. कल्पना आती क्या, करके. मैं बोलता, नहीं अम्मा, आतेच नहीं."

सुखदानं हयवदनकडे पाहिलं, मग कल्पनाताईंकडे.  पाण्याची बाटली उघडून तिनं त्यांच्या हातात दिली. घोट घेताना निम्मं पाणी दुपट्ट्यावर सांडलं.

दहा मिनिटं गेली. पट्ट्यावरचा आकडा उतरला. "निघू या काकू?" सुखदानं विचारलं.

कल्पनाताई उठल्या, दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्या. समोर गल्ली होती. तीच डोसागाडी, तेच कुंपण, लांब टोकाला सोसायटीचं गेट, भिंतीवरची बोगनवेलसुद्धा दिसत होती. त्या परत स्टुलावर येऊन बसल्या.

"मला नाही जमत," त्या म्हणाल्या.

सुखदानं रिक्षा बघितली. पहिल्यानं साडेसहाशे मीटर ऐकून मान हलवली. दुसरा हसला. तिसरा थांबलाच नाही. अ‍ॅपवर गाडी वीस मिनिटं दाखवत होती आणि मग ती रद्द झाली. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग जराही हलत नव्हती. कल्पनाताई स्टुलाच्या कडा धरून बसल्या होत्या. आपण इथेच राहणार, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊ लागलं, आणि ते वेड्यासारखं आहे हे कळत असूनही ते थांबेना. घर दिसत होतं आणि घरी जाता येत नव्हतं.

"काकू," सुखदा त्यांच्या समोर उकिडवी बसली. "तुम्ही रोज येत नाही ना इथं?"

"नाही."

"मग पाच हजार पावलं?"

"तळघरात."

सुखदा हसली नाही. "तुमच्या सोसायटीत आत्तापर्यंत साठीवरच्या सोळा जणांना विचारलं मी," ती म्हणाली. "अकरा जणांनी सुरक्षित वाटतं म्हणून चार दिलेत. मी रोज सकाळी या गल्लीत मोजमापं घेते. त्या अकरांतलं मला इथं कधी कुणीच दिसलं नाही. मला वाटायचं माझीच वेळ चुकते."

कल्पनाताईंना त्या क्षणी बंगाली गृहस्थ आठवले, गुडघ्याला पट्टा बांधणारी बाई आठवली. पण त्यांच्या मनातलं खरं ओझं वेगळंच होतं, आणि ते आता बाहेर पडलं नाही तर छाती फुटेल असं त्यांना वाटलं. हयवदन गिऱ्हाइकांत होता. त्यांनी खालच्या आवाजात, या काल भेटलेल्या मुलीला, जानेवारीतली सकाळ सांगितली. आणि आजचीही.

"मी तुझा हात सोडला. टँकर बघितला आणि सोडला. तिचाही असाच सोडला होता. तू तरुण आहेस म्हणून उडी मारलीस." त्यांचा आवाज चिरकला. "एकदा झालं ते चुकून झालं, असं मी स्वतःला रोज सांगत होते. आज परत तेच केलं मी. कोणाबरोबर चालू मी आता, सांग."

 सुखदाचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवायचा प्रयत्न करत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "घरी फोन करू या का?"

अवधूत व्हाइटफील्डला ऑफिसात होता, यायला दीड तास लागला असता. राहिली सिद्धी. सिद्धीला फोन लावणं कल्पनाताईंना टँकरसमोर उभं राहण्याइतकंच कठीण वाटलं. तरी त्यांनी लावला.

"सिद्धी, मी मेडिकलमध्ये आहे. मला… मला भीती वाटून राहिली. एकटीनं परत येता येत नाही. तू ये."

पलीकडे क्षणभर मीटिंगमधली इंग्रजी बडबड ऐकू आली, मग ती बंद झाली. "पडलात का आई? लागलं का?"

"नाही. नुसती भीती वाटते."

"आले," सिद्धी म्हणाली.

ती यायला अठरा मिनिटं लागली. आली तेव्हा ती घरातल्याच स्लिपर घालून होती, एक पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेला, चेहरा पांढराफटक. दुकानाच्या पायरीवर येऊन तिनं आधी भिंतीला हात टेकून श्वास घेतला.

"आई, हा रस्ता…" ती म्हणाली आणि थांबली. "मी चार वर्षांत एकदाही इथून पायी आले नव्हते. आज स्कूटर दुरुस्तीला आहे; एरवी तिच्यावरून कळतच नाही हो. त्या ट्रान्सफॉर्मरपाशी एक बस अशी अंगावर आली की मला वाटलं, संपलं." ती एकदम खाली बसली, सासूच्या पायाशी, दुकानाच्या पायरीवर. "तुम्ही रोज इथून चालता म्हणून मी कौतुक सांगत फिरत होते. मी तुम्हाला एकदा विचारलं पण नाही."

"मी रोज नाही चालत, सिद्धी."

आणि मग तिलाही सगळं सांगावं लागलं. तळघर, पावलं, नीलिमा. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं नाही, उलट जास्तच जड गेलं, कारण हिच्या घरात राहायचं होतं. सिद्धीनं ऐकून घेतलं. तिचा चेहरा कठोर झाला होता की नुसता थकला होता, ते कल्पनाताईंना समजलं नाही.

"अवधूतला सांगशील?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा," सिद्धी म्हणाली. "मी शेजारी बसेन."

परत निघायची वेळ आली तेव्हा सिद्धीनं हात पुढे केला.

"नको," कल्पनाताई मागे सरकल्या. "हात धरून नको चालू माझ्याबरोबर. मी सोडीन."

"तुम्ही धरूच नका. मी धरते." असं म्हणून सिद्धीनं त्यांचं मनगट पकडलं, पट्ट्याच्या वरच्या बाजूला, घट्ट. "आणि फरश्यांवरून जाऊ या. खाली उतरायचं फक्त कुंपणापाशी."

पुढे सुखदा निघाली, प्रत्येक फरशीवर आधी स्वतः पाय आपटत. मग कल्पनाताई, मागे सिद्धी. खालून गटाराचा वास येत होता. फटींतून काळं पाणी दिसत होतं. कुंपणाच्या जरा अलीकडे एक फरशी त्यांच्या पायाखाली कडकन हलली आणि त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली, डोसावाल्यानं कालथा हातात तसाच धरून वळून पाहिलं. सिद्धीची पकड मनगटात रुतली. फरशी परत बसली. कुंपणापाशी त्या तिघी सात-आठ मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या, एक टँकर, दोन बस, मग आणखी एक टँकर जाऊ देत, आणि मोकळं दिसताच जवळजवळ पळत सुटल्या. गेटमधून आत शिरल्यावर कल्पनाताईंना उलटी झाली. बागेच्या कडेला, सुरक्षारक्षकासमोर. त्यांना त्याचीही लाज वाटली नाही.

घरी आल्यावर सुखदानं पट्टा सोडला. सिद्धीच्या बोटांचे वळ त्याच्या शेजारी उमटले होते.

"कालची उत्तरं मला बदलता येत नाहीत काकू, तसा नियम आहे," ती म्हणाली. "पण चालून आल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. विचारू?"

"विचार."

"दिवसा माझ्या परिसरात एकटीने पायी चालताना मला सुरक्षित वाटतं."

सिद्धी समोरच बसली होती. "एक," कल्पनाताई म्हणाल्या. "एकाच्या खाली काही असेल तर ते लिही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि खाली तळघरात सकाळी आठला ये. तिथं तुला तुझे अकराजण भेटतील. पण त्यांना सगळ्यांसमोर विचारू नकोस. एकेकट्याला विचार."

दुपारी घर शांत झाल्यावर त्या पलंगावर फोन घेऊन बसल्या. नीलिमाचं नाव काढलं, बंद केलं, परत काढलं.  शेवटी त्यांनी फोन लावला.

"कोण, कल्पना?" तिकडून आवाज आला. पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. "आत्ता आठवण झाली होय गं?"

"नीलिमा, त्या दिवशी मी तुझा हात सोडला होता."

हुबळीला कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. 

"ठाऊक आहे मला. पडताना दिसलं की. भिंतीला पालीगत चिकटलेलीस."

"मग तू फोन का करत होतीस?"

"आधी शिव्या घालायला केलेले. खरं सांगते. मग तू उचलेनास, तेव्हा स्वल्प काळजी वाटायला लागली."

"राग गेला?"

"सगळा नाही गेला," नीलिमा म्हणाली. "वॉकर धरून न्हाणीत जाते ना, तेव्हा रोज येतो. दिवसातनं दोन-तीनदा येतो बघ. तू आपली करत जा फोन. उचलीन मी. बोलेनच असं नाही, पण उचलीन."

"करते," कल्पनाताई म्हणाल्या. त्यांना रडायचं होतं, पण रडू आलं नाही.

फोन ठेवून त्या तशाच बसल्या होत्या तेव्हा सिद्धी दारात आली. तिनं पाय धुतले होते, पण स्लिपरचा ओरखडा घोट्यावर लाल दिसत होता.

"आई, परवा माझी पहिली मीटिंग साडेनऊला आहे," ती म्हणाली. "कुंपणापर्यंत जाऊन येऊ. त्याच्या पुढे नाही. चालेल?"

कल्पनाताईंच्या कानात लगेच ती गुरगुर सुरू झाली.  परवा म्हणजे मध्ये एक अख्खा दिवस होता, आणि तो अख्खा दिवस त्या घाबरून काढणार होत्या, हे त्यांना आत्ताच कळत होतं.

"आठला निघू," त्या म्हणाल्या. "नंतर टँकर वाढतात."